आधी पंजा बघा, मग फरशी निवडा

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९३४ साली पेंग्विनसाठी एक तलाव बांधला गेला. रचना बर्टहोल्ड लुबेटकिन आणि त्याच्या टेक्टन या गटाची, काँक्रीटचं गणित ओव्ह अरुप यांचं. अंडाकृती हौदावर एकमेकींना वळसा घालत उतरणाऱ्या दोन पातळ वाटा, आणि त्यांच्या खाली आधाराला एकही खांब नाही. ही वास्तू इतकी देखणी आहे की ब्रिटनच्या संरक्षित वास्तूंच्या यादीत तिला सर्वांत वरची श्रेणी मिळाली. पण २००४ मध्ये पेंग्विन तिथून हलवले गेले आणि परत आलेच नाहीत. काँक्रीटवर चालून चालून त्यांच्या तळव्यांना बारीक ओरखडे पडत, त्यातून जंतू शिरत आणि पाय सुजत. पक्ष्यांच्या या दुखण्याला बंबलफूट म्हणतात.

बांधणारे अडाणी नव्हते, निष्काळजीही नव्हते. ती जागा त्यांनी डोळ्यांनी पारखली, पेंग्विनला ती तळव्यांनी पारखावी लागली. ससा असो, पोपट, गाय, कासव की हत्ती, कुठल्याही प्राण्यासाठी घर बांधताना आपली चूक बहुतेक वेळा इथेच होते. आपण बघतो आणि ठरवतो. तो मात्र त्या घरावर उभा राहतो, झोपतो, ते चाटतो, कुरतडतो, त्यावर मुततो आणि त्याच्या वासात चोवीस तास श्वास घेतो.

म्हणून कुठलीही वस्तू निवडताना मी दोन प्रश्न विचारते. हा प्राणी या वस्तूचं काय करेल? आणि ही वस्तू या प्राण्याचं काय करेल? पहिला प्रश्न बहुतेकांना सुचतो, कारण तोडफोड लगेच दिसते. दुसऱ्याचं उत्तर हळूहळू, कधी कधी वर्षभराने समोर येतं, आणि तेव्हा ते औषधोपचाराच्या रूपात येतं.

पायाखाली काय आहे

सुरुवात जमिनीपासून करू, कारण बंदिस्त प्राण्याला जमिनीपासून सुटका नसते.

एका ओळखीच्यांकडून माझ्याकडे एक ससा आला होता. तो जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात वाढलेला होता. जाळीतून लेंड्या खाली पडतात, साफसफाई सोपी, असा त्यामागचा हिशोब. त्याला उचलून मागचे पाय उलटे करून पाहिले तर टाचेकडची लव पूर्ण गेलेली, कातडी लाल, आणि एका पायावर खपली धरलेली. सशाच्या तळव्याला मांजरासारखी गादी नसते, असते ती फक्त दाट लव. सगळं वजन बारीक तारांवर पडलं की लव झिजते, मग कातडी, मग जखम. आणि ससा मुकाट्याने सोसणारा प्राणी आहे, दुखतंय हे तो सहजासहजी दाखवत नाही. त्याला सपाट, भक्कम तळ आणि वर गवताचा जाड थर दिला तेव्हा पाय बरे व्हायला लागले, पण त्याला कित्येक आठवडे गेले.

पक्ष्यांच्या बाबतीत जमीन म्हणजे बसायची दांडी. पिंजऱ्यासोबत येणारी दांडी गुळगुळीत, गोल आणि एकाच जाडीची असते. तिच्यावर पक्षी रोज बसतो तेव्हा तळव्याच्या त्याच दोन-तीन ठिकाणी भार येतो, आणि पुन्हा तेच बंबलफूट. यावर उपाय अगदी साधा आहे: वेगवेगळ्या जाडीच्या, सालीसकट असलेल्या, कीटकनाशक न फवारलेल्या बिनविषारी झाडाच्या फांद्या. पक्ष्याच्या बोटांनी फांदीला बऱ्यापैकी वेढावं, पण पुढची आणि मागची नखं एकमेकांना भिडू नयेत, एवढा अंदाज पुरतो. नखं घासली जावीत म्हणून दांडीवर चढवायची सॅंडपेपरची खोळ मात्र अजिबात नको. नखं दांडीला टेकतात क्वचित, घासला जातो तो तळवा.

गाय दिवसातले बारा तास किंवा त्याहूनही जास्त बसून काढते, म्हणजे तिच्यासाठी जमीन हा बिछाना आहे. शिवाय उठताना ती आधी मागचा भाग उचलते, त्या क्षणी पुढचं सगळं वजन गुडघ्यांवर असतं. गोठ्याची जमीन तपासायची असेल तर एक परीक्षा आहे, दुग्धव्यवसायातली माणसं ती करतात. जिथे गाय बसते तिथे धपकन गुडघे टेकायचे. कळ आली तर जमीन कडक आहे. पॅन्ट ओली झाली तर निचरा नीट होत नाही. महागडं उपकरण लागत नाही, आणि हीच परीक्षा कुत्र्याच्या घरालाही चालते, बोकडाच्या गोठ्यालाही. गुळगुळीत सिमेंट ओलं झालं की खूर घसरतात, म्हणून त्यात खाचा पाडतात. पण फार खरखरीत ठेवलं तर खूर झिजतात. हा मधला बिंदू गाठणं खरोखर अवघड असतं, आणि म्हणून बसायच्या जागी रबरी चटई किंवा वाळू, चालायच्या जागी खाचांचं सिमेंट अशी वाटणी बरी पडते.

हत्तींचं उदाहरण सगळ्यांत बोलकं आहे. काँक्रीटवर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या हत्तींमध्ये पायांचे आजार आणि सांधेदुखी इतकी दिसून आली की अनेक प्राणिसंग्रहालयांनी हत्तींच्या खोल्यांमध्ये वाळूचा जाड थर द्यायला सुरुवात केली. वाळूचे उंचवटेही करतात. वयस्क हत्ती त्यावर टेकून आडवा होतो, आणि उठताना त्याला सपाट जमिनीवरून उठण्याइतका जोर लावावा लागत नाही.

धातू आणि चोच

पोपटवर्गातले पक्षी चोचीचा वापर तिसऱ्या पायासारखा करतात. जाळीवर चढताना दर पावलाला तार चोचीत जाते. आता ती तार कशाची आहे हा प्रश्न किती गंभीर आहे ते लक्षात येईल.

गंज चढू नये म्हणून लोखंडी जाळीवर जस्ताचा मुलामा देतात. नव्या जाळीवर या जस्ताचे बारीक थेंब आणि टोकं राहिलेली असतात, हात फिरवला तर बोटांना जाणवतात. काही दिवसांनी त्यावर पांढरी भुकटीही धरते. पक्षी हे सगळं खरवडून गिळतो. पोटात गेलेलं जस्त रक्तात उतरतं, मग अशक्तपणा, उलट्या, हिरवट विष्ठा, तोल जाणं. नव्या पिंजऱ्यात ठेवल्यावर काही दिवसांत हे दिसायचं, म्हणून पक्षी पाळणाऱ्यांमध्ये याला ‘नव्या तारेचा आजार’ असंच नाव पडलं. नवी जाळी व्हिनेगर लावून तारेच्या ब्रशने घासली आणि भरपूर पाण्याने धुतली तर धोका कमी होतो. संपत नाही. मोठ्या चोचीच्या पक्ष्यांसाठी स्टेनलेस स्टील हाच खरा पर्याय आहे. महाग पडतं, पण ते एकदाच घ्यावं लागतं. पावडर कोटिंग केलेला पिंजरा लहान चोचीच्या पक्ष्यांना चालतो, जोवर त्याचे पोपडे निघत नाहीत. एक टवका उडाला की आत काय आहे ते पाहावं, आणि पक्षी नेमका तिथेच चोच मारायला लागला असेल तर तो पिंजरा बदलावा.

शिसं याहून घातक. जुन्या घरांचा रंग, जुने डाख दिलेले सांधे, पडद्याच्या तळाशी घातलेली वजनं, यांत ते असू शकतं. जुनं दार किंवा जुनी खिडकी वापरून सुंदर पिंजरा करण्याची कल्पना म्हणूनच मला कधी पटत नाही, रंगाचा इतिहास ठाऊक नसेल तर नकोच.

तांब्याची तऱ्हा वेगळी. अनेक प्राण्यांना ते सोसतं, पण मेंढीला नाही. तिच्या यकृतात ते गुपचूप साठत जातं, आणि एखाद्या ताणाच्या दिवशी एकदम रक्तात सुटतं, तेव्हा तांबड्या पेशी फुटतात. पाण्यातल्या कोळंब्या, गोगलगायी आणि प्रवाळ यांना मारायला तर तांब्याचा अंशही पुरतो. माशांच्या टाकीजवळ तांब्या-पितळेचे नळ आणि जोड टाळतात ते याचसाठी.

लाकूड आवडतं, पण

लाकडाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते उष्णता सावकाश वाहून नेतं. काँक्रीट लाकडाच्या साधारण दहापट वेगाने, आणि साधं पोलाद शेकडो पटींनी वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. थंडीच्या रात्री प्राणी पत्र्याऐवजी फळीवर का बसतो ते यातून समजतं. लाकूड कुरतडता येतं हाही गुणच, कारण उंदीर, घुशी, हॅम्स्टर, ससे यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात आणि त्यांना ते झिजवावेच लागतात. घर कुरतडणं ही त्यांची खोडी नाही, गरज आहे. पिंजऱ्याची चौकट वाचवायची तर चघळायला दुसरं लाकूड द्यावं, इतकंच आपल्या हातात असतं.

पण लाकडातल्या काही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. देवदार जातीच्या लाकडाचा रंध्याचा भुसा सुवासिक असतो, आणि तो वास माणसाला आवडतो म्हणून पिंजऱ्यात घातला जातो. या वासाची द्रव्यं हवेत उडतात आणि श्वासावाटे शरीरात जातात. १९६७ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं की सूचिपर्णी झाडांच्या अशा भुशावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातली औषधं पचवणारी एन्झाइम वाढतात. म्हणजे यकृत ती द्रव्यं निस्तरण्याच्या कामाला जुंपलं जातं. भट्टीत वाळवलेल्या पाइनच्या भुशात ही द्रव्यं बरीच कमी होतात. तरी लहान प्राण्यांसाठी कागदाच्या लगद्याचं अंथरूण किंवा पानझडी झाडांचा भुसा अधिक निर्धास्त. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: अंथरुणाला मुळी वासच नको, सुवासही नको.

वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून प्रक्रिया केलेलं लाकूडही नीट पारखून घ्यावं. क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणात मुरवलेल्या लाकडावर हिरवट झाक असते. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी अशा लाकडाचं उत्पादन थांबवलं गेलं, पण जुन्या कुंपणांत आणि भंगारात ते अजून सापडतं. प्राणी चघळेल अशा ठिकाणी ते लावायचं नाही. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेली फळी) यांची वेगळी अडचण: मुताने कडा फुगतात, थर सुटतात, आणि आतला डिंक प्राण्याच्या तोंडाशी येतो.

खुराड्यात लाकडाची आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे फटी. कोंबड्यांचं रक्त पिणारी लाल माइट दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतेच. ती फळ्यांच्या सांध्यात, दांडीच्या टोकाशी, छताच्या डांबरी कागदाखाली लपते आणि रात्री बाहेर पडते. दिवसा कोंबड्या तपासून ‘काही नाही’ म्हणणारे फसतात ते इथेच. अंधार पडल्यावर तासाभराने जा, दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद दाबून फिरवा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. कागदावर तांबडे ओघळ उमटले तर त्या रात्रीच्या जेवणाचं ते रक्त आहे. म्हणून खुराड्यात दांड्या काढता-घालता येतील अशा बसवाव्यात, ठोकून टाकू नयेत. सांधे जितके कमी तितकं बरं. प्लॅस्टिकची खुराडी दिसायला रुक्ष, पण या एका बाबतीत ती लाकडाच्या कितीतरी पुढे आहेत.

जे दिसत नाही ते: हवा, ऊन, ऊब

मुतातल्या युरियाचं जंतू विघटन करतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. काचेच्या खोल टाकीत उंदीर ठेवले की हा अमोनिया तळाशी कोंडून राहतो, नेमका त्यांच्या नाकाच्या उंचीवर. आपण वरून डोकावतो, आपल्याला काहीच जाणवत नाही. शिवाय आपलं नाक पाच-दहा मिनिटांत वासाला सरावतं. तपासायचं तर सकाळी पहिल्यांदा जाल तेव्हा खाली वाकून, प्राण्याच्या नाकाच्या पातळीला आपलं नाक नेऊन श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर प्राण्याचे रात्रभर चुरचुरत होते. उपाय म्हणजे समोरासमोरच्या भिंतींत, प्राण्याच्या झोपायच्या जागेपेक्षा वर, झरोके. हवा खेळली पाहिजे, पण झोपलेल्याच्या अंगावरून वाहता कामा नये. थंडीत झरोके बुजवण्याचा मोह होतो, आणि मग ऊब राहते पण सोबत ओल आणि अमोनियाही राहतो. कोरड्या थंडीपेक्षा दमट ऊब फुप्फुसांना जास्त घातक ठरते.

पक्ष्यांची फुप्फुसं तर विलक्षण कार्यक्षम, त्यामुळे विषारी वायूही तितक्याच झपाट्याने त्यांच्या रक्तात उतरतो. न चिकटणाऱ्या भांड्यांवरचा टेफ्लॉनसारखा थर खूप तापला की निघणाऱ्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो. हाच थर काही उष्णता देणाऱ्या दिव्यांवरही असतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. पक्ष्याच्या जवळ दिवा लावण्याआधी तेवढं एक वेष्टनावर वाचाच.

सरडे, कासवं, साप यांच्या बाबतीत भिंतीचं साहित्य आणि हवामान वेगळं करताच येत नाही. त्यांच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची भट्टी नसते. ऊब हवी तर उबदार जागी सरकायचं, नको तर सावलीत. म्हणून घराचं एक टोक ऊबदार आणि दुसरं थंड हवं, आणि दोन्हींत लपायला जागा हवी. काचेतून ऊब झटपट निसटते, लाकूड किंवा पीव्हीसीचे फलक ती धरून ठेवतात. तळाशी ठेवायचे विजेवर तापणारे दगड टाळा. उन्हाची ऊब वरून येते, पोटाखालच्या चटक्याची जाणीव या प्राण्यांना वेळेवर होत नाही आणि ते भाजतात.

आणि खिडकीत ठेवलेलं कासव उन्हात बसलंय असं समजू नका. साध्या काचेतून उजेड आणि ऊब येते, पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील ब किरण जवळजवळ सगळे अडतात. त्यांच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ होतात, कवच वाकडं वाढतं. बाहेरचं थेट ऊन किंवा खास अतिनील दिवा, तोही मधे काच न ठेवता, याला पर्याय नाही. दिव्याखाली बारीक जाळी असेल तर तीही काही किरण खाते.

पाणी

माशांच्या टाकीबद्दल थोडक्यात. १०० सेंमी लांब, ४० रुंद, ५० उंच टाकीत २०० लिटर पाणी मावतं, म्हणजे काच आणि दगड सोडून २०० किलो. आधी खालचं टेबल बघा. काचेची जाडी ठरवताना मुख्य हिशोब उंचीचा, कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. ॲक्रिलिकचं वजन काचेच्या निम्म्याहून कमी, पण त्यावर चरे पटकन पडतात. सांधायला सिलिकॉन घ्याल तर त्यात बुरशीरोधक औषध नसलेलंच घ्या. न्हाणीघराच्या सिलिकॉनमध्ये ते बहुधा असतं, आणि ते माशांना व बेडकांना मारतं. सजावटीच्या दगडावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून बघा. फसफसला तर त्यात चुना आहे, तो विरघळत पाणी कठीण करत राहील. बेडकांसाठी तर सगळंच दुप्पट काळजीने निवडा, कारण त्यांची कातडी पाण्यासोबत त्यातली द्रव्यंही शोषते.

जाळी कोणासाठी

षटकोनी भोकांची कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला किंवा कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. तिची तार दातांनी तुटते. राखणीसाठी वेल्ड केलेली, १२-१३ मिलिमीटर चौकटीची जाड तारेची जाळी लागते. तीही नुसती जमिनीला टेकवून भागत नाही. शिकारी भिंतीच्या पायथ्याशी उकरतो, म्हणून जाळीचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून हात-दीड हात मातीखाली पसरवतात. तो उकरतो, पंजा जाळीला लागतो, आणि मागे सरून उकरावं हे त्याला सहसा सुचत नाही. बारीक पिल्लांसाठी भोकांचा अंदाज डोक्यावरून घ्या. डोकं गेलं की उंदराचं अंग जातंच, आणि पक्ष्याचं डोकं गेलं आणि अंग अडकलं तर त्याहून वाईट.

जाळी, गज, खंदक हा सगळा विचार माणसाच्या बाजूने होतो. कार्ल हागेनबेकने १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदक असलेलं प्राणिसंग्रहालय उघडलं तेव्हा पाहणाऱ्याला प्राणी मोकळे वाटले. पुढे हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने वेगळा मुद्दा मांडला: जागा किती आहे याइतकंच तिच्यात काय आहे हेही महत्त्वाचं, आणि प्रत्येक प्राण्याला माणसापासून ठरावीक अंतर राखायचं असतं. ते अंतर पिंजऱ्यात मिळत नसेल तर निदान दिसेनासं होण्याची सोय हवी. चारही बाजूंनी पारदर्शक काच ही माणसाची हौस आहे. तीन बाजू झाका, एक उघडी ठेवा.

आणि आत एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवा, दोन बाजूंना दारं कापून, म्हणजे आत शिरलेला कोंडला जाणार नाही. चिकटपट्टी आणि पिना आधी काढा. उंदीर ते फाडेल, ससा त्यावर चढेल, मांजर चार दिवस त्यातून हलणार नाही. ओलं झालं की फेकून द्या आणि नवं ठेवा. फेकण्याआधी एकदा उलटसुलट करून बघा: कुठला कोपरा चघळला आहे, कुठे मुतलं आहे, कुठल्या बाजूला दबून झोपल्याची खूण आहे. पुढची फळी कुठे आणि कशाची लावायची ते तिथे लिहिलेलं असतं.